नथूभाऊंना कोणी नेमायचे?

श्री. नथू केदारी यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते आमच्याकडे पाठ करून बसले होते. मी आठवीत होते. लोणावळ्यातल्या आमच्या शाळेत मुलींची कबड्डी नुकतीच सुरू झाली होती. "शाळेचा नवा शिपाई तुम्हाला खेळ शिकवतो म्हणतोय, बघा काय शिकवतो ते," एवढेच बाई म्हणाल्या होत्या. मैदानावर गेलो, तर एक काटक गृहस्थ कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून बसलेले. दमले असतील असे समजून आम्ही आपापल्या चढाया सुरू केल्या. माझी पाळी आली. 'कबड्डी कबड्डी' करीत मी पलीकडे शिरले, मध्येच हळूच श्वास घेतला, एकीला शिवले आणि परत आले. त्या गृहस्थांचा उजवा हात वर गेला.

"आत्ता आली ती पोरगी बाद. दम तुटला."

"पण भाऊ, तुम्ही तर बघितलंच नाही," मी म्हणाले.

"बघितलं असतं तर फसलो असतो. चांगल्या गड्याचं पाय लय चपळ असत्यात. मानूस पायांकडंच बघत ऱ्हातो."

ज्यांना हा खेळ फारसा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. चढाईला गेलेल्या गड्याने समोरच्यांच्या अंगणात असेपर्यंत एकाच श्वासात 'कबड्डी'चा घोष चालू ठेवायचा असतो. मध्ये श्वास घेतला की तो बाद. बाकी सगळे डोळ्यांना दिसते; हे फक्त कानांना कळते. नथूभाऊंनी आम्हाला पकडी शिकवल्या, पायांची चाल शिकवली, पण सर्वांत आधी पाठ करून ऐकायला शिकवले.

असा माणूस शाळेत घंटा द्यायला का आला, याचे मला फार कुतूहल होते. त्याचा उलगडा व्हायला बरीच वर्षे गेली. काही त्यांनी सांगितले, काही त्यांच्या पत्नी सरूमावशींनी आणि काही श्री. शिवराम गोपाळे यांनी. नथूभाऊंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या समितीत शिवरामदादा आहेत. पुढचा सगळा मजकूर मी त्यांना वाचून दाखवला आहे. "एक शब्द गाळू नको," असे ते प्रथम म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "तेवढा एक गाळ." तो मी गाळला आहे.

नथूभाऊ तिकोणा पेठेचे. गावात हुतूतू खेळत वाढले आणि पुढे लोणावळ्याजवळच्या एका कारखान्याने त्यांना आपल्या कबड्डी संघाचे प्रशिक्षक म्हणून नोकरीत घेतले. त्या काळी कारखाने चांगल्या खेळाडूंना नोकऱ्या देऊन संघ बांधत. संघ जिंकला की वर्तमानपत्रात कारखान्याचे नाव येई. नथूभाऊंच्या नोकरीबरोबर कॉलनीतली एक खोली होती. प्रशिक्षकपद गेले तर नोकरी जाणार आणि नोकरी गेली तर खोलीही जाणार, हे दोघा नवरा-बायकोला माहीत होते.

त्या संघाचा तारा होते शिरगावचे शिवरामदादा. त्यांचा फोटो बाजारातल्या चिक्कीच्या दुकानांत टांगलेला असे. त्यांच्या चढाईला माणसे झाडांवर चढून बसत. आणि वळताना, अगदी क्षणभर, त्यांचा दम तुटे. पंचांच्या ते लक्षात येत नसे. किंवा येत असेल, पण एवढ्या मोठ्या खेळाडूला एवढ्या गर्दीसमोर बाद देण्याचे धाडस होत नसावे. एकदा कारखान्याच्या पाहुण्यांसमोर सरावाचा सामना होता. शिवरामदादा तिघांना बाद करून आले, टाळ्या पडल्या आणि कडेला पाठमोरे बसलेल्या नथूभाऊंचा हात वर गेला. पाहुण्यांच्या देखत त्यांनी आपल्याच ताऱ्याला बाहेर बसवले.

दुसऱ्या दिवशी शिवरामदादा सरावाला आले नाहीत. त्यांनी व्यवस्थापकांकडे निरोप धाडला: भाऊ तरी राहतील, नाही तर मी तरी.

"साहेबांनी बोलावलं," नथूभाऊ मला सांगत होते. "म्हनले, नथू, येवढंच कर. शिवाच्या चढाईला हात वर करू नको. बाकीच्यांना कर."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्या म्हनलं, बाकीचे अकरा जन बगत्यात की, साहेब. उद्या मी त्यांना बाद म्हनलो तर ते मला हसतील."

साहेबांनी दोन्ही बाजू तोलल्या. गर्दी कोणासाठी येते हे त्यांना ठाऊक होते. नथूभाऊंना जावे लागले. मला सर्वांत नवल वाटले ते जाताना त्यांनी केलेल्या विनंतीचे. कारखान्यातल्या दुसऱ्या एखाद्या कामासाठी ते एक शब्दही बोलले नाहीत. नवा प्रशिक्षक नेमताना शिवाला विचारू नका, एवढेच म्हणाले. त्याने नेमलेला मास्तर त्याला 'बस बाहेर' कसे म्हणणार, हे त्यांचे कारण. साहेबांनी मान डोलावली आणि मग फक्त शिवरामदादांनाच विचारले. त्यांचा एक दोस्त प्रशिक्षक झाला.

"भाऊंना राग आला नाही?" मी सरूमावशींना विचारले.

"त्यांना कुटला राग? घरी आले आन म्हनले, खोली सोडायचीय, भांडी बांद. राग मला आला. मी म्हनलं, आग लागो तुमच्या त्या कानाला. तर म्हनत्यात कसं, हळू बोल, शेजारी ऐकत्यात."

नथूभाऊ आमच्या शाळेत शिपाई म्हणून लागले ते त्यानंतर. पुढच्या मोसमात बाहेरगावच्या एका मोठ्या स्पर्धेत निराळे पंच होते. त्यांनी शिवरामदादांना वळताना बाद दिले. पुन्हा दिले. संघ हरला. दोस्त प्रशिक्षक कडेला उभे राहून पंचांशी भांडत राहिले. दम कुठे तुटतो हे त्यांना सांगता आले नाही.

एका रविवारी सकाळी आमचा सराव चालू असताना शिवरामदादा शाळेच्या मैदानावर आले. चिक्कीच्या दुकानातला फोटो चालत आला असे आम्हाला वाटले. ते नथूभाऊंच्या समोर उभे राहिले.

"भाऊ, कुटं तुटतो तेवढं सांगा."

"मी न्हाई सांगनार," नथूभाऊ म्हणाले. "ह्या पोरी सांगतील."

आम्ही भिंतीकडे तोंड करून ओळीने बसलो. शिवरामदादा रिकाम्या अंगणात शिरले. काय तो आवाज होता! आणि वळताना तो तुटला. आम्हा सगळ्यांना ऐकू आले. एकीचाही हात वर झाला नाही.

"कुनालाच ऐकू आलं न्हाई?" नथूभाऊ म्हणाले. "बरंय. म्हंजे तुमी समद्या मॅनेजर झाला."

आम्ही तोंडावर हात धरून हसलो. शिवरामदादा हसले नाहीत. त्यांनी पुन्हा चढाई केली. या वेळी सर्वांत लहान असलेल्या मीराने हात वर केला. मग दुसरीने, मग मी, मग ओळीने सगळ्यांनी.

"समद्याच?" शिवरामदादा वळून म्हणाले.

"हो दादा. वळताना. उजवीकडं वळताना," मीरा म्हणाली.

तो सगळा हिवाळा ते दर रविवारी येत राहिले. प्रत्येक चढाईनंतर "कुटं गं?" असे विचारत आणि आम्ही सांगत असू. नथूभाऊ मध्ये बोलत नसत. हळूहळू हात कमी होत गेले आणि एका रविवारी एकही हात वर गेला नाही. त्या दिवशी दादांनी आम्हा सर्वांना चिक्की दिली. ज्या दुकानांत त्यांचा फोटो होता त्यांतल्याच एका दुकानातली.

नथूभाऊंचे माझ्यावरचे ऋण खेळापुरते नाही. माझे वडील रेल्वेच्या गँगमध्ये होते. आमच्या घरात मॅट्रिकपर्यंतही कोणी पोचले नव्हते. मी कॉलेजला जायचे म्हटल्यावर वडिलांनी सरळ नाही म्हटले. नथूभाऊ घरी आले, चहा घेतला. पोरगी शिकून काय करणार, असे वडिलांनी विचारले. मला वाटले, आता ते शिक्षणाचे महत्त्व सांगतील.

"मला तरी काय ठाऊक, दादा?" नथूभाऊ म्हणाले. "शिकली की कळंल. मला तर लय बगायचंय काय करती ते."

वडिलांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मला बी बगायचंय." मी पदवीधर झाले ती त्या दोघांच्या या कुतूहलामुळे.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला तो सांगते. शिवरामदादांचा खेळ सुधारला, संघ पुन्हा जिंकू लागला आणि दोस्त प्रशिक्षक आपण होऊन बाजूला झाले. दादा पेढे घेऊन नथूभाऊंच्या घरी आले. मी तेव्हा अजून शाळेत होते आणि शाळेच्याच कामासाठी तिथे गेले होते.

"भाऊ, सामान बांदा. साहेबांना सांगून आलोय, नथूभाऊ न्हाईत तर मी बी न्हाई."

सरूमावशींनी लगेच माळ्यावरची ट्रंक खाली घेतली आणि फडक्याने पुसायला लागल्या. नथूभाऊ पेढ्यांकडे बघत राहिले.

"शिवा, मागच्या खेपंला बी तू हेच म्हनला व्हतास. निस्तं उलटं."

"तवा चुकलो. आता चांगल्यासाठी म्हनतोय."

"व्हय. पर तितं मला बसवनारा तूच झालास."

"म्हनून काय तुमचा हात वर जायचा ऱ्हानार हाय?"

"माजा जाईल. पर बाकीच्या पोरांना वाटंल, शिवानं जाऊ दिला म्हनून गेला."

मावशींचे फडके थांबले. "पेढं परत द्यायचं का ठिवायचं, तेवढं सांगा," त्या म्हणाल्या.

"ठिव की. पेढ्यांचा काय गुन्हा हाय?"

नथूभाऊंना ती जागा नको होती असे कोणी समजू नये. त्यांना ती फार हवी होती. दुसऱ्या दिवशी ते स्वतः साहेबांकडे गेले आणि म्हणाले, ज्यांना हे काम येते त्या सगळ्यांना बोलवा, प्रत्येकाकडून एक दिवस सराव करून घ्या, मग ठरवा. मीही येतो, पण त्या दिवसांत शिवाला गावी पाठवा. साहेबांना गंमत वाटली असावी. ते कबूल झाले. चार माणसे आली. दादा शिरगावला जाऊन बसले. "घरात बसून नखं खात व्हतो," असे ते आजही सांगतात. आम्ही मुली नथूभाऊच निवडले जाणार असे धरून चाललो होतो.

साहेबांनी तळेगावच्या एका तरुण प्रशिक्षकाला निवडले.

सरूमावशींनी ट्रंक पुन्हा माळ्यावर ठेवली. नव्या प्रशिक्षकाचा सराव सुरू झाला त्या संध्याकाळी मी गेले, तेव्हा भाऊ भाकरी खात होते.

"वाईट वाटलं का, भाऊ?"

"वाटलं की. खोली चांगली व्हती. नळ व्हता."

मी तेव्हा वाद घातला. योग्य माणसासाठी योग्य खेळाडूने शब्द टाकला तर बिघडले कुठे? त्या एका शब्दाने अन्याय भरून निघत होता. मी हे अजूनही कधीकधी त्यांना विचारते आणि खरे सांगायचे तर माझे मन अजून दोन्हीकडे जाते. त्यांचे उत्तर एकच असते, "बिगडत न्हाई. सवय लागती."  त्या संध्याकाळी मात्र भाकरीचा तुकडा मोडता मोडता ते एकदम हसू लागले.

"तो तळेगावचा पोरगा चांगलाय. आज पहिल्याच दिवशी शिवाला भायेर बसवला म्हनं."

"कशाबद्दल?"

"उशिरा आला म्हनून. शिरगावास्नं."

यंदा नथूभाऊंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. शाळेच्या नियमाप्रमाणे ते शिपायाच्या कामातून निवृत्त होतील आणि घंटा दुसरे कोणी देईल. मुलींच्या संघाचे आता काय होणार, अशी चौकशी माझ्याकडे बऱ्याच जणांनी केली, म्हणून मी शाळेचे जुने कामकाज जाणणाऱ्या बाईंना विचारून आले. मुलींना कबड्डी शिकवण्यासाठी नथूभाऊंना कधी कोणी नेमलेच नव्हते. ते आपले आपण मैदानावर येऊन बसले होते. तेव्हा त्या कामावरून त्यांना काढण्याचा अधिकार कोणाकडेही नाही, मोठ्यातल्या मोठ्या खेळाडूकडेही नाही. नथूभाऊंना आणि सरूमावशींना भरपूर आणि निरोगी आयुष्य मिळो. आमच्या मुली कितीही नामवंत झाल्या तरी "बस बाहेर" हे दोन शब्द त्यांना भाऊंच्या तोंडून पुष्कळ वर्षे ऐकायला मिळोत, एवढे मनापासून मागते.