पांढरा नसलेला कागद

आमच्या डोंबिवलीच्या फोटो लॅबमध्ये टेस्ट प्रिंट आणि किस्से सारख्याच वेगाने साठतात. वाया गेलेले प्रिंट निदान रद्दीत तरी जातात. किस्से कोण घेणार? म्हणून तुम्हाला सांगतो.

सध्याचे सगळे किस्से कागदाच्या एकाच रोलचे आहेत. ठाण्याच्या एका सेल्समनने आमच्या मालकांना, म्हणजे गोखले काकांना, चांदीसारखा चमकणारा मेटॅलिक फोटो कागद दाखवला आणि काका विरघळले. लगेच कांबळे सरांना फोन. सर विठ्ठलवाडीचे वेडिंग फोटोग्राफर, आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या स्वतःच्या मुलीचं लग्न नुकतंच झालेलं. "तिचा अल्बम याच कागदावर. शब्द देतो," काका म्हणाले. फोन ठेवला आणि माझ्याकडे वळले, "आता जरा टेस्ट करून बघ."

टेस्टचा फॉर्म काकांनीच बनवला होता. शेवटच्या रकान्यात 'निकाल : उत्तम' असं आधीच टाइप केलेलं. मी विचारलं, तर म्हणाले, "अरे, तुझा लिहिण्याचा त्रास वाचवला."

* * *

आमचा ऑपरेटर प्रकाश दिव्याहून येतो. कागदाची छापायची बाजू तो ओठाला लावून ठरवतो. चिकटली की तीच. जुनी पद्धत आहे, बरोबरही आहे. या कागदाची चमकणारी बाजू आंधळ्यालाही दिसली असती, पण पद्धत म्हणजे पद्धत! प्रकाशने एक बाजू लावली, चिकटली. दुसरी लावली, तीही चिकटली.

"भाई, डबल साइड आहे हा."

त्याच्या दुसऱ्या हातात अर्धी जिलबी होती. मी फॉर्ममध्ये काहीच लिहिलं नाही.

* * *

मग सुकण्याची टेस्ट. कागदासोबत आलेल्या चिठ्ठीत लिहिलेलं, एक दिवस हात लावू नका. दहा मिनिटांनी काका आले, अंगठा लावला आणि म्हणाले, "ओला आहे." प्रकाशने लावून खात्री केली. काय चाललंय ते बघायला चहावाल्याने लावला. कुरियरवाला तरी मागे का राहील?

संध्याकाळी काका माझ्यावरच डाफरले, "हा फोटो आहे का खरेदीखत? इतके अंगठे कशाला?"

सगळ्यात मोठा अंगठा मधोमध होता. तो कुणाचा, हे मी सांगितलं नाही.

* * *

रंग तपासायला तयार चार्ट मिळतो. काकांनी स्वतःचा फोटो दिला.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. आमच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. फोटोत जिथे पांढरं असतं तिथे मशीन शाई टाकतच नाही, खालचा कागद दिसतो. इथे कागदच चांदीचा. काकांचे पिकलेले केस असे झळाळले की काका बराच वेळ फोटोसमोरून हलेनात.

"कागदाला समज आहे," म्हणाले.

मला मात्र अल्बम आठवला. कांबळे सरांच्या घरचं लग्न बौद्ध पद्धतीचं. मुलगी पांढऱ्या साडीत, जावई पांढऱ्या सुटात. अख्खा अल्बम पांढरा!

* * *

सर मुलीला, प्रेरणाला घेऊन आले, त्या दिवशी काकांना नेमकं बँकेत काम निघालं. मी पहिला प्रिंट काढला. साडी लखलखीत चांदीची.

सर प्रिंटवर वाकले. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर जाताना दिसत होतं. त्याहून जास्त वाईट वाटलं ते त्यांच्या तोंडाकडे बघून. मी सांगून टाकलं, "सर, या कागदात पांढरा येतच नाही. साध्यावर काढून देतो."

"फोटो मी स्वतः काढलेत," सर हळूच म्हणाले. "पांढरीशुभ्र साडी होती रे तिची."

प्रेरणाने प्रिंट घेतला, खिडकीपाशी नेला, उजेडात धरला.

"पप्पा, दुकानात मी हीच मागत होते. तुम्ही साधी घ्यायला लावलीत."

सरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "अगं, पण जावई बघ. स्टीलच्या डब्यासारखा दिसतोय तो."

प्रेरणाची नजर साडीवरून हलली नाही.

"त्याला कोण बघतंय?"