पहिल्याच्या नावाने तेल

सोनई ते शनिशिंगणापूर जीप चालवणारे हे गृहस्थ मागून हॉर्न ऐकला की लगेच साईड देतात. दुचाकीलाही देतात. मोबाईलवर मात्र ते एकाच सीटच्या, सुसाट पळणाऱ्या गाड्यांची जागतिक स्पर्धा बघतात. वर्षभर देशोदेशी होणाऱ्या या शर्यतींना ते ‘फेऱ्या’ म्हणतात. “मागल्या फेरीला आपल्यानं लई दाबली, पन पुढच्यानं साईडच दिली न्हाई,” असं ते सांगू लागले की नवख्या भाविकाला ती एसटीची तक्रार वाटते.

यंदा शेवटच्या शर्यतीपर्यंत विजेता ठरला नव्हता. त्यांचा आवडता ड्रायव्हर गुणांत दुसरा होता. पहिल्याची गाडी बंद पडली, तरच त्याला अजिंक्यपद मिळणार होतं. शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, शिंगणापूरला जीप थांबताच तेलाच्या दुकानदाराने हाक मारली, “मामा, पहिल्याच्या मागं शनी लावा की! उद्या इंजिनच बसंल त्याचं.”

मामांनी तेल घेतलं आणि देवाला वाहून आले. दुकानदार हसला. “लावला का मागं?”

“न्हाई. त्याची पीडा टळू दे म्हनलं. रस्त्यात गाडी बंद पडल्यावर कसं वाटतं, तुला काय ठावं? तू दुकानात बसून असतो.”

“मग तुमचा हरंल की!”

“हरू दे. पळून हरंल.”

रविवारी अजिंक्यपद पहिल्यालाच मिळालं. सोमवारी मामा जीपला टेकून प्रवाशांना हाका मारत होते. मी त्यांचा रोजचा प्रवासी; निकाल ठाऊक असूनही विचारलं.

“हारला आपला,” ते म्हणाले. “पन दोनी गाड्या पोचल्या.”