पट्टी उघडू नका म्हणलं ना!

संध्याकाळी मी दवाखान्यातून घरी आलो की बायको चहा ठेवता ठेवता विचारते, "आज कोण?" काय झालं, असं विचारत नाही. काहीतरी झालंच असणार हे तिने लग्नानंतर लगेच गृहीत धरलं. त्वचेच्या डॉक्टरकडे असे किस्से साठतातच, कारण कातडी सगळ्यांना दिसते आणि जे दिसतं त्यातलं सगळ्यांनाच कळतं!

मी नांदेडला बसतो, गुरुवारी लातूरला. डोकं दोन्हीकडे सारखंच फिरतं.

*

हदगावचा एक शेतकरी आला. मांडीवर गळवं, एक बसलं की दुसरं तयार. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब सहा महिन्यांपासून चालू.

"घरात अजून कोण लावतं ही?"

"सगळेच की. घरात आणल्यावर एकट्यानं कशी लावावी? बैलाच्या खांद्याला बी लावली."

मी कपाळाला हात लावला. "बैलाला?"

"हाव. बैलाला लई गुण आला साहेब!" मग जरा पुढे सरकून, "मग मलाच का यीना?"

*

कंधारच्या एक शिक्षिका. त्यांना ट्यूब दिली होती दोन आठवडे लावायला. परत आल्या त्या खूश चेहऱ्याने, पर्समधून ट्यूब काढून टेबलावर ठेवली.

"सर, अर्ध्याच्या वर शिल्लक आहे! खाज थांबली तसं मी लावणं बंद केलं. उरलेली आमच्या शेजारीण बाईंना थोडी दिली."

वर्गात पहिला नंबर आल्यासारख्या बघत होत्या. मी त्यांना समजावलं, की मॅडम, अर्धवट मार खाल्लेले जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. पुढच्या वेळी त्याच औषधाला जुमानत नाहीत. मग आम्ही कुठून नवीन औषध आणायचं? त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर आहे सर. मग उरलेली तरी परत द्यायला सांगते त्यांना."

*

तर असे निर्ढावलेले जंतू वाढत गेले आणि साध्या ट्यूबांनी हात टेकले. मग आमच्याकडे औषधाची पट्टी आली. पातळ, पारदर्शक कागदासारखी. जखमेवर चिकटवायची, आतलं औषध हळूहळू तिथल्या तिथे सुटत राहतं. गोळ्यांनी पोचत नाही तेवढं जखमेत पोचतं. अट एकच. डॉक्टरने बदलेपर्यंत उघडायची नाही.

कंपनीचा माणूस मला म्हणाला, "सर, लावा आणि विसरून जा!"

तो पुण्याचा होता. आमच्याकडे कोणी काही विसरत नाही, हे त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

*

पहिली पट्टी मी लातूरच्या एका वकीलसाहेबांना लावली. माणूस शिकलेला, म्हटलं ऐकेल. पुढच्या गुरुवारी आले तेव्हा पट्टीच्या चारी बाजूंनी सेलोटेप.

"हे काय?"

"काढून उजेडात धरून बघितली. औषध खरंच आहे का नाही, खात्री नको?"

"अहो, उघडायची नाही म्हणलं होतं ना!"

"डॉक्टर," वकीलसाहेब म्हणाले, "पुरावा न बघता मी सख्ख्या भावावर विश्वास ठेवत नाही."

*

एका आजींच्या दंडावरची पट्टी काढली तर खाली हळदीचा लेप! पट्टी लावून दिल्यावर घरी जाऊन उचकटली, हळद भरली आणि वरून पुन्हा दाबून बसवली. मी ओरडलो. सिस्टर बाहेरून धावत आल्या, काय झालं म्हणून.

आजी शांत. "ओरडू नगंस लेकरा. तुझंबी राहू दे, माझंबी राहू दे. कुणाचा गुण यायचा त्याचा येईल."

*

आता अप्पांचं सांगतो.

अप्पा म्हणजे उदगीरचे कापड दुकानदार. कपाळाला भस्म, दिवसभर गादीवर बैठक, अंगात शुगर. पावलाच्या वरच्या बाजूला, बोटांपाशी जखम झाली आणि तपासणीत तेच निर्ढावलेले जंतू निघाले. सर्जनने स्पष्ट सांगितलं होतं, महिन्याभरात भरली नाही तर अंगठा आणि शेजारची बोटं काढावी लागतील. त्यांची बायको, अक्का, माझ्यासमोर बसून नुसत्या पदराचं टोक पिळत होत्या. मी पट्टी लावली, हात जोडून सांगितलं, हिला हात लावू नका.

पुढच्या गुरुवारी पट्टी लोंबत होती. जखम आणखी मोठी.

"कोणी उघडली?"

अक्का म्हणाल्या, "काय करावं डॉक्टरसाहेब? लोकं भेटायला यायलेत. नळेगावहून, देगलूरहून, एवढं भाडं खर्चून येतात. बघू म्हणतात. न्हाई कसं म्हणावं?"

"किती जणांना दाखवली?"

"जे आले त्यांला."

माझा ताबा सुटला. "अहो, बोटं जातील त्यांची! लोकांना जखम बघायचीच एवढी हौस असेल तर फोटो काढा आणि पायावर चिकटवा!"

रागात बोललो. माणूस रागात काहीही बोलतो.

त्यांनी काढला फोटो! नवीन पट्टी लावण्याआधी सुनेने मोबाईलवर टिपला, उदगीरच्या फोटो स्टुडिओतून रंगीत काढून आणला, वर लॅमिनेशन केलं आणि बँडेजवर चिकटवला. पुढच्या वेळी अप्पा आले ते पायावर स्वतःची जखम मिरवत. मला हसावं का रडावं कळेना. पण आतली पट्टी? जशीच्या तशी, कोणी हात लावलेला नाही! मी मुकाट पट्टी बदलली आणि फोटो पुन्हा चिकटवून दिला. दर गुरुवारी तेच. खाली लाल मांस भरत चाललं होतं.

महिना भरला त्या गुरुवारी अप्पांसोबत त्यांचे मेहुणे आले. दारातूनच आवाज. "काय इलाज करायलात हो तुम्ही? मी दोनदा येऊन बघितलं. जखमेत काडीचा फरक न्हाई! आम्ही सोलापूरला न्यायलाव ह्यांना."

"अहो, तो फोटो आहे!"

"असू द्या की. फोटो काय खोटं बोलतो का?"

मी पायावरचा फोटो काढून टेबलावर ठेवला, बँडेज सोडलं, पट्टी अलगद ओढली. खाली कोवळी गुलाबी कातडी, पूर्ण भरलेली. पाची बोटं जागच्या जागी. अक्का खाली वाकल्या, अंगठा हातात धरला आणि ढसाढसा रडल्या. मेहुणे खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं.

एकटे अप्पा टेबलावरच्या फोटोकडे बघत होते. मग घसा खाकरून म्हणाले,

"डॉक्टरसाहेब, ते तेवढं परत चिकटवून द्या. माहूरची ताई अजून भेटून गेली न्हाई. उद्या यायलीय."