मंगळवारची माझी गाडी

दोन महिन्यांपूर्वी एका मंगळवारी सकाळी भूमकर चौकात सिग्नलला थांबले होते. सहज डावीकडे बघितलं, तर शेजारच्या गाडीत माझीच माणसं... सुधीर सर स्टिअरिंगवर, त्यांच्या बाजूला मेघना, मागे प्रसाद. मेघना आणि प्रसादने मला बघितलं आणि एकदम मोबाइलमध्ये डोकं घातलं.

आता यात एवढं काय, तर सांगते. आम्ही चौघं कोथरूडची, हिंजवडीला एकाच ऑफिसात. गाडी काढायचा प्रत्येकाचा वार ठरलेला, मंगळवार माझा. आणि त्या सकाळी तिघांचेही मेसेज आले होते. मेघनाचं वर्क फ्रॉम होम, प्रसादला बरं नव्हतं, सुधीर सरांचं बँकेत काम होतं.

मला हृदयाच्या ठोक्यांचा त्रास आहे. मधूनच ठोके पळायला लागतात, छातीत नुसती धडधड... गोळी चालू आहे आणि डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून गाडी चालवायला परवानगी दिली आहे. अट एकच. धडधड सुरू झाली की 'आलंच आता ऑफिस, पोचते कशीतरी' असला शहाणपणा करायचा नाही. गाडी डावीकडे घ्यायची आणि थांबायचं. चक्कर आली, तर मात्र त्यांना विचारल्याशिवाय पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

त्याच्या आदल्या मंगळवारी बाणेरच्या पुढे नेमकं तेच झालं. मी आरसा बघितला, इंडिकेटर दिला, सावकाश गाडी सर्व्हिस रोडला घेऊन कडेला उभी केली. डॉक्टरांनी शिकवलं तसा श्वास रोखून जोर लावला, थोड्या वेळाने ठोके जागेवर आले. चक्कर नाही, घाम नाही, काही नाही... तरी पुढे गाडी प्रसादच्या हातात दिली आणि डॉक्टरांना फोन करून कळवलं.

मनातून खरं तर मी खूश होते हो. एवढ्या ट्रॅफिकमध्ये घाबरले नाही, कोणाला साधा धक्का लागला नाही. मेघना म्हणालीसुद्धा, "ताई, काय शांतपणे घेतलीत गाडी!" मी वेडी, ते खरं धरून बसले.

तर सिग्नल सुटला. सुधीर सरांनी एका हाताने फोन कानाला लावला, एका रिक्षाला कट मारला आणि गेले पुढे. त्या गाडीत सगळ्यांना अगदी सुरक्षित वाटत असणार.

तोंडावर कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर मी भांडले तरी असते. उलट लंचला सगळे इतके गोड... "काळजी घ्या ताई", "स्ट्रेस नका घेऊ". आणि दर मंगळवारी नवीन कारण. एकटीच गाडी घेऊन जायचे आणि मागच्या रिकाम्या सीट आरशात दिसल्या की रडू यायचं, खोटं कशाला बोलू.

मग एका संध्याकाळी सुधीर सरांचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलले, मग आवाज खाली आला. "तुमचे डॉक्टर कोण हो? मलाही होतं तसं. परवा तर वाकडच्या पुलावर डोळ्यांपुढे अंधारी आली." मी विचारलं, गाडीत कोण होतं? तर म्हणे, दोघंही होते. "त्यांना नाही सांगितलं. तुमचं काय झालं ते बघितलंय ना मी..."

माझं डोकंच फिरलं. 'तुमचं काय झालं' म्हणे! अहो, ते केलं कोणी? पण अंधारी म्हटल्यावर भांडत बसायची ती वेळ नव्हती. त्यांना म्हटलं, माझा राग नंतर बघू. उद्यापासून गाडीला हात लावायचा नाही, आधी डॉक्टर. चालवलीत तर मी स्वतः त्या दोघांना फोन करेन.

ऐकलं त्यांनी, एवढं कबूल करते. तपासण्या पूर्ण होईपर्यंत गाडी बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. या दोघांना मात्र त्यांनी कळवलं की गाडी गॅरेजला दिली आहे. आणि लगेच मला मेघनाचा मेसेज... "ताई, उद्या तुमची गाडी आहे ना? आम्ही येऊ?" सोबत जोडलेले हात. नाही म्हणणार होते. पण नाही म्हणता आलं नाही मला.

सकाळी निघालो. सुधीर सर माझ्या शेजारी बसले. चांदणी चौक ओलांडला आणि मागून मेघना, अगदी प्रेमाने, "ताई, बरं वाटतंय ना तुम्हाला? नाहीतर सुधीर सरांकडे द्या ना गाडी."

सुधीर सर खिडकीबाहेर बघत राहिले. मला हसावं की गाडी थांबवून सगळ्यांना खाली उतरवावं, तेच कळेना... शेवटी ऑफिसपर्यंत गाडी मीच चालवली.

काल सरांचाच फोन आला. म्हणाले, "तुम्ही फेसबुकवर लिहिता ना, हे लिहा. माझ्या नावासकट लिहा. माझ्या तोंडून निघत नाहीये." म्हणून आज लिहायला बसले.

मेघना, प्रसाद, तुम्ही हे वाचालच. मला खाली 'टेक केअर ताई' लिहू नका, कंटाळा आलाय त्याचा. सुधीर सरांना फोन करा, तपासणीला कोणीतरी सोबत जा. आणि उद्या डॉक्टर हो म्हणाले, त्यांनी गाडी काढली, की त्यांच्या गाडीत बसा... माझ्या बाबतीत जे केलंत, ते त्यांच्या बाबतीत करू नका.