यादीतलं दुसरं नाव

मी आमच्या गावची पोलीस पाटील आहे. बाई पोलीस पाटील म्हटलं की लोकांना अजून गंमत वाटते. सुरुवातीला माझ्या नवऱ्याला पारावर 'पाटीलबाईचे शिपाई' म्हणून चिडवायचे आणि तोही खुशाल चिडवून घ्यायचा. काम म्हणाल तर कळवण्याचं. गावात परका माणूस मुक्कामाला आला, विहिरीत कोणी सापडलं, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कुऱ्हाडी निघाल्या, की ठाण्याला कळवायचं. अकरा वर्षांत मी पुष्कळ कळवलं. त्यातल्या एका ओळीबद्दल हे लिहिते आहे, कारण ती माझ्या हातची आहे आणि तिचं खापर फोडायला दुसरं डोकं नाही.

त्या वर्षी दोन्ही धर्मांच्या मिरवणुका एकाच आठवड्यात आल्या होत्या. त्यात तालुक्याच्या गावी मोबाइलवर एक व्हिडिओ फिरला. तो आपल्याकडचा नव्हताच असं नंतर निघालं, पण त्यावरून पडलेले दगड खरे होते. दोन हातगाड्या जळाल्या, एका पोलिसाचं डोकं फुटलं. त्याचे टाके मी स्वतः पाहिले. म्हणून सावधगिरीला हसणाऱ्यांतली मी नाही. घरात पंख्याखाली बसून पोलिसांना नावं ठेवणाऱ्यांना एकदा त्या बंदोबस्तात उन्हात उभं करावं, असं मला नेहमी वाटतं.

ठाण्यातून प्रत्येक गावाला एक तक्ता आला. तेढ वाढवू शकतील अशांची नावं लिहायची, समोर कारण लिहायचं. त्या माणसांना मग तहसीलला बोलावतात, चांगल्या वागणुकीचा बाँड घेतात. कायदा बदलला, कलमाचा आकडा बदलला, तरी लोक अजून 'एकशे सात लागली' असंच म्हणतात.

मी एक नाव लिहिलं. आमच्याच भावकीतला पंचविशीतला एक जण तोच व्हिडिओ शिव्यांसकट तीन वेळा स्टेटसला ठेवून बसला होता. मी आधी त्याला समजावलं, मग त्याच्या आईला. "माह्या फोनवर मी काय बी ठेवीन," असं त्यानं मला तोंडावर ऐकवलं. मग मीही माझ्या तक्त्यावर त्याला ठेवला. त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातले जमादार आले. माणूस वाईट नाही. निवृत्तीला टेकलेला, गुडघे गेलेले, चहा बिनसाखरेचा.

"पाटीलबाई, एकच नाव?"

"एकच हाये. बाकी गाव शांत हाये."

"तसं नाई चालत न. एकाच बाजूचं नाव गेलं, त उद्या लोक म्हनतीन ठाणं एकतर्फी हाये. दुसऱ्या बाजूचं एक टाका."

"दुसऱ्या बाजूले चार घरं हायत, जमादार. कोनाचं टाकू?"

"चारातलं एक. अहो, नावापुरतं हाये. बाँड लिहून देते, मामला खतम."

मी भांडखोर बाई आहे. पंचायत समितीत फाईल हरवली म्हणणाऱ्या बाबूला मी कपाट उघडायला लावून ती शोधून घेतली आहे. पण त्या दिवशी भांडले नाही, आणि त्याचं कारण भीती नव्हतं. मला ते पटलं. दोन्हीकडचं एकेक, कोणाला बोलायला जागा नको, यात मला न्यायच दिसला. आज ते आठवलं की माझा मलाच संताप येतो.

त्या चार घरांत एक म्हातारा, त्याला दिसत नाही. एक विधवा, गोधड्या शिवते. एक कुटुंब पुसदला राहतं, घर ईदला उघडतं. चौथा लाइनवाला. चाळिशीचा, नऊ वर्षांपासून वीज उपकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला. वादळात तार तुटली की सगळं गाव आधी त्याच्या दारात. त्यानं फोनवर एक गट काढला होता. या आठवड्यात शेताची लाइन दिवसा की रात्री, कुठे तार लोंबते आहे, कोणत्या खांबाला हात लावू नका, एवढंच त्यात असायचं. मीही त्या गटात होते. माझा नवरा त्यात रोज सकाळी गुलाबाचं फूल टाकायचा.

मी त्याचं नाव लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'समाजमाध्यमावर गट चालवतो.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

नेमकं त्याच महिन्यात ठेकेदारानं सांगितलं होतं की उपकेंद्रात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकानं पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र आणायचं. महिन्याची मुदत. कागद नाही तर काम नाही. उपकेंद्र म्हणजे जोखमीची जागा, तेही मला चूक वाटत नाही. पण हे मला ठाऊक नव्हतं. लाइनवाला तहसीलची नोटीस घेऊन माझ्या ओट्यावर आला तेव्हा कळलं. मी सुपात तूर पाखडत होते.

"काकू, कोनं तरी माह्यं नाव देल्लं ठाण्यात. हे मिटलं नाई त प्रमाणपत्रावर शेरा येते म्हनतात. मंग नोकरी गेलीच समजा."

"कोनं देल्लं असन?" मी विचारलं. हो, हे मीच विचारलं.

"काय मालूम. एक जामीन पाह्यजे, गावातला वजनदार. तुमच्यापेक्षा वजनदार कोन हाये मले?"

मी येते म्हणाले. त्याला चहा पाजला. खरं सांगायला तोंड उघडलं आणि साखर अजून घालू का, असं विचारून मिटलं.

आधी मी ठाण्यात गेले. नाव काढा म्हटलं. जमादार खुर्चीतून हलले नाहीत. "चढवाचा कागद येते माह्याकडे, पाटीलबाई. उतरवाचा नाई येत. अन् तुम्ही लिहून देल्लं का पह्यला अहवाल चूक होता, त तुमच्या पदाचं काय हुईन, इचार करा." मी विचार केला. दोन दिवस केला. तिसऱ्या दिवशीही मन तयार नव्हतं. आपण फक्त जामीन राहू, मागचं कोण उकरतंय, असं ठरवून मी लाइनवाल्याच्या गाडीवर मागे बसले आणि तहसीलला गेले.

अकराला गेलेलो, पुकारा चारला झाला. तहसीलदार साहेब तरुण, सभ्य, दमलेले. माझा जामिनाचा कागद त्यांनी वाचला, फाईल उघडली, आणि त्यातला एक कागद काढून पहिल्याच्या शेजारी ठेवला.

"हा अहवालही आपलाच ना?"

दोन्हीवर माझीच सही होती, तीच लांब शेपटीची.

"हा माणूस शांततेला धोका आहे असं आपणच कळवलंय. आणि तो नीट वागेल याची हमीही आपणच घेताय. यातलं कोणतं खरं समजू?"

तो माझ्या मागे हातभरावर उभा होता. मागे वळून पाहायची माझी छाती झाली नाही. मी म्हणाले, "साहेब, धोका काई नाई. दुसऱ्या बाजूचं एक नाव पाह्यजे होतं, म्हनून लिहिलं." शेजारच्या टेबलावरच्या बाईंचं टायपिंग थांबलं. साहेबांनी ते माझ्याकडून लिहून घेतलं, सही घेतली आणि नोटीस रद्द केली. पदाबद्दल मी एवढी घाबरले होते, तर शेवटी मला मिळालं काय, नुसतं ताकीदपत्र.

येताना तो एकदाच बोलला. गतिरोधक आला तेव्हा, "काकू, नीट धरून बसा," एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं.

नोटीस रद्द झाली, पण तो कागद तहसीलातून ठाण्यात आणि ठाण्यातून पुढे जाईपर्यंत मुदत संपली. ठेकेदारानं दुसरा माणूस घेतला होता. मी त्याच्याकडे जाऊन भांडले, तर तो म्हणाला, बाई, घेतलेल्या माणसाला आता काय सांगू? त्यालाही लेकरं होती. आणि तो स्टेटसवाला? त्याच्या घरच्यांनी वकील लावला, बाँड दिला आणि मिरवणुकीत तो ढोलापुढे नाचला. त्याला कुठलंच प्रमाणपत्र नको होतं. दोघांना सारखा कागद देऊन आम्ही समान वागवलं होतं, पण एकाला ओरखडा आला आणि दुसऱ्याचं पोट गेलं. घराला कुलूप हवंच. पण ते लावताना माणूस आत आहे की बाहेर, एवढं तरी कुलूप लावणाऱ्यानं बघायला हवं, आणि त्या दिवशी लावणारी मी होते.

आता तो रोज बसनं दिग्रसला एका दुकानात जळालेल्या पाण्याच्या मोटारी बांधायला जातो. दीड महिन्यानं प्रमाणपत्र आलं, तेव्हा दाखवायला म्हणून माझ्याकडे आला. कागद अगदी स्वच्छ होता. मी चार वेळा वाचला. तो ओट्याच्या कडेला टेकला, चहा नको म्हणाला.

"माह्यं चुकलं रे बाबू," मी म्हणाले. "मले माफ कर."

"तुम्ही साहेबासमोर खरं सांगतलं, काकू. कोन सांगते तेवढं?" तो खाली बघत बोलत होता. "एक इचारू? पुढच्या साली बी असा तक्ता येईन न?"

"येईन."

"अन् आमच्या चार घरातलं एक नाव लागनच."

मी प्रमाणपत्राची घडी घालून त्याच्या हातात दिली.

"मंग माह्यंच द्या. माह्यं त आता काई जाचं राह्यलं नाई. माहा पोरगा येत्या साली अठराचा होते. त्याले फौजेच्या भरतीले जाचं हाये. त्याचं नको देजा."

असं कसं बोलतोस, म्हणून मी त्याच्यावर ओरडायला हवं होतं. पुढच्या साली मी कोणाचंच नाव देणार नाही, असं ठणकावून सांगायला हवं होतं. तो माझ्याकडे बघत होता, आणि लाज वाटते लिहायला, मी मान डोलावली.