पडद्यावरचा हिरवा ठिपका

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही नीटसं कळत नाही.

नांदेडच्या एका प्रयोगशाळेत मी अतिसूक्ष्म कण बनवते. ते रक्तातून जाऊन कॅन्सरच्या गाठीत साठतात. ठरावीक प्रकाश पाडला की चमकतात, गाठ कुठे आहे ते दाखवतात. त्याच प्रकाशाने तापतात आणि गाठ जाळतात. काम झालं की शरीरातच विरघळून जातात. पण खरंच सगळे विरघळतात? उरलेले कुठे जाऊन बसतात? जेवतानाही माझ्या डोक्यात हेच.

उदगीरची माझी मावशीही माझ्यासारखीच चौकस. तिच्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली, लातूरच्या डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन करू म्हटलं. मी भेटायला गेले आणि मोबाइलवर तिला आमच्या प्रयोगाचे फोटो दाखवले — काळ्या पडद्यावर हिरवा ठिपका, पुढच्या फोटोत तो जवळजवळ नाहीसा. डोळे बारीक करून ती बघत राहिली. "ही कोण बाई हाय गं?"

उंदीर होता तो. फोटो कापलेला, त्यामुळे शेपूट दिसत नव्हतं. एक शब्द पुरे होता. पण घरातले सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते, आणि — काय सांगू — मला ते आवडलं. मी म्हणाले, आमची एक पेशंट आहे.

मावशीने ऑपरेशन पुढे ढकललं. "माझी भाची औषध करून राहिली, मग चिरफाड कशाला?" येईल त्याला ती सांगायची. माझ्या कानावर येत होतं सगळं. ऑपरेशन करून घे, असं मी फोनवर म्हणत राहिले. तो उंदीर होता, एवढं मात्र म्हणाले नाही. लाज वाटत होती, दुसरं काय? ती तयार झाली तोवर कॅन्सर फुप्फुसापर्यंत पोचला होता. आता ऑपरेशनचा उपयोग नाही, डॉक्टर म्हणाले.

शेवटचं भेटले तेव्हा तिला धाप लागत होती. तरी माझा हात धरून तिने विचारलंच, "ती बाई कशी हाय गं आता?"

यकृतात कण किती उरलेत हे बघायला, फोटो काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही तो उंदीर मारला होता.

"बरी आहे, मावशी," मी म्हणाले. "हिंडती-फिरती आहे."

"लई बरं झालं माय," ती म्हणाली.