गांगुर्डेबाईंनी निवडलेले ब्रेक

लताबाईंना मोटारीची हौस कधीच नव्हती. हौस सगळी नवऱ्याची. सावळीराम गांगुर्डे सरकारी कचेरीत कारकून होते. दिवसभर मान खाली घालून काम करणारा, चारचौघांत बोलायला लाजणारा माणूस. पण रस्त्याने एखादी जुनी मोटार गेली की हे बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडायचे आणि ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहायचे. १९७८ साली एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी आपली डुक्कर फियाट विकायला काढली, तेव्हा सावळीराम तीन आठवडे जेवणात मीठ कमी आहे की जास्त हेही सांगू शकत नव्हते. शेवटी लताबाईच म्हणाल्या, "घेऊन टाका एकदाची. निदान जेवाल तरी नीट."

नाशिकरोडच्या त्यांच्या कॉलनीत ती पहिलीच मोटार. बुद्धविहारातून परतणाऱ्या बायका थांबून तिच्या फुगीर नाकाडाला हात लावून बघायच्या. शेजारच्या साळूबाईंनी तर तिला हळदकुंकवाऐवजी पांढरं फूल वाहिलं. लताबाई नगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या. त्यांना वाटलं, आता रविवारी माहेरी इगतपुरीला जायची सोय झाली. सावळीरामांच्या मनात दुसरंच होतं.

शहराबाहेर विमानांची एक वापरात नसलेली धावपट्टी होती. दर हिवाळ्यात तिथे मोटारवेडी माणसं जमायची. डॉक्टर, द्राक्षबागायतदार, गॅरेजवाले, एक वकील. डांबराची रिकामी पिंपं मांडून वळणं आखायची आणि जुन्या गाड्यांची शर्यत लावायची. बक्षीस म्हणून एक छोटा कप आणि पोटभर मिसळ. सावळीरामांनी पुढच्याच हिवाळ्यात नाव घातलं, आणि बायकोला आदल्या संध्याकाळी सांगितलं.

लताबाई गेल्या. पदर खोचून धावपट्टीच्या कडेला उभ्या राहिल्या. पहिल्या दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. एरवी रस्त्यात कुत्रं दिसलं तरी गाडी थांबवणारा आपला नवरा असा गाडी हाकतो, हे पाहून त्यांना थोडा अभिमानही वाटला. तिसऱ्या फेरीला फियाटच्या पुढच्या चाकांतून धूर निघाला. करपल्याचा वास थेट त्यांच्यापर्यंत आला. आणि वळणावर गाडी वळलीच नाही. पिंपांच्या मधून सरळ निघाली, बांध ओलांडून हरभऱ्याच्या शेतात घुसली आणि तिथे दमून उभी राहिली.

लताबाई चपला सोडून धावल्या. सावळीराम दार उघडून बाहेर आले ते हसतच.

"अगं, पाय पार खाली गेला तरी गाडी दादच देईना!"

लताबाई हसल्या नाहीत. शेतमालकाची माफी मागून झाली, गाडी ढकलून बाहेर काढली, घर आलं. रात्री ताट वाढताना म्हणाल्या, "शर्यत बंद करा असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर तुम्ही ऐकाल, आणि मग वर्षभर तोंड पाडून बसाल. पण यापुढे ब्रेक मी निवडणार."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"तुम्हाला कळत होतं, ते दिसलंच की हरभऱ्यात."

लताबाईंचे वडील कोंडाजी इगतपुरीला रेल्वेत गार्ड होते. घाट उतरायच्या आधी गाडी थांबायची, ब्रेक तपासले जायचे, मगच सुटायची. लहानपणी लताबाईंनी हे इतक्यांदा पाहिलं होतं, की ब्रेक न बघता निघणारा माणूस त्यांना अडाणीच वाटायचा.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या एकट्याच नाशिकच्या द्वारका चौकात गेल्या. तिथे देवराम नावाचा कारागीर ट्रकांच्या नि मोटारींच्या ब्रेकना नवे लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, ठोकून द्यायचा. फाटक्या गादीवर मांडी घालून तो ब्रेकच्या चंद्रकोरीसारख्या लोखंडी तुकड्यावर लायनरची पट्टी रिबिटांनी बसवत होता. बाईमाणूस दुकानात आलेलं पाहून त्याने आधी बसायला गोणपाट झटकून अंथरलं.

"हे बघा बाई, दोन जातीचे असतात," तो म्हणाला. "हा विणलेला. मऊ आहे, पाय लावला की लगेच धरतो. पण फार तापला की सोडून देतो. हा दुसरा दाबून घट्ट केलेला. कडक. हा तापाला भीत नाही."

"मग कडकच द्या."

"देतो. पण शर्यतीचं गिऱ्हाईक मला आजवर आलेलं नाही, खोटं कशाला बोलू? वणीला नाथा म्हणून टॅक्सीवाला आहे. देवीच्या गडावर यात्रेकरू नेतो, त्याची पण फियाटच. त्याला विचारा एकदा."

रविवारी नवरा-बायको दोघं वणीला गेले. नाथा काळासावळा, दांडगा माणूस, गळ्यात देवीचा ताईत. लताबाईंनी येण्याचं कारण सांगितल्यावर तो पोटभर हसला, आणि म्हणाला, "चला, दावतोच." लताबाईंना पुढे बसवलं, सावळीरामांना मागे. गडावरून परत उतरताना तो वळणा-वळणाला बोलत होता. "हे बघा ताई, गाडी गिअरातच उतरवायची. पर वळणाला ब्रेक लागतोच. मऊ लायनर टाकलं तर निम्म्या घाटात वास सुटतोय. म्हनून आपलं कडकच हाय." खाली पोचल्यावर गाडी बंद करता करता त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, "फकस्त सकाळच्या पारी पयला ब्रेक लय वाईट. थंड असतंय ना. दगडावानी. धरीतच नाय."

सावळीराम तोवर खाली उतरून चाकं बघत होते. लताबाईंनी ऐकलं, पण शर्यत काही पहाटे नसते, असं मनाशी म्हणून सोडून दिलं.

पुढच्या हिवाळ्यात चारी चाकांना कडक लायनर लावून फियाट उभी राहिली. निशाण पडलं. सगळ्या गाड्या पहिल्या वळणाकडे सुटल्या, सगळ्यांनी ब्रेक दाबले, सगळ्या वळल्या. सावळीराम तेवढे सरळ गेले. दोन पिंपं आडवी करून, धावपट्टीच्या टोकाला जाऊन, उलटे फिरून परत आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लताबाईंचे कान लाल झाले. पण पुढे नवल घडलं. चौथ्या-पाचव्या फेरीला बाकीच्यांच्या चाकांतून धूर निघू लागला, एकेक जण वळणाच्या कितीतरी आधी वेग मोडू लागला, आणि आपली फियाट मात्र शहाण्या बैलासारखी प्रत्येक वळणावर जिथे थांबवावी तिथे थांबत होती. सर्वांत शेवटी असलेले सावळीराम चौथे आले.

परतताना लताबाई म्हणाल्या, "नाथाभाऊंनी सांगितलं होतं. थंड असताना धरत नाही म्हणून. माझंच चुकलं, मी तुम्हाला बोलले नाही."

"मग आता?"

"मागच्या चाकांना मऊ लावू. पुढे कडक, मागे मऊ. सुरुवातीला निदान मागचे तरी धरतील."

देवरामने मान हलवली. "मागे मऊ? मला काही बरं दिसत नाही, बाई." पण लताबाईंनी आग्रह धरला, आणि त्याने ठोकून दिले. गंगापूरच्या रिकाम्या रस्त्यावर भल्या सकाळी दोघं गाडी तपासायला गेले. सावळीरामांनी वेग घेतला आणि ब्रेक दाबला. मागची चाकं जागच्या जागी आवळली. फियाटचं शेपूट पुढे आलं, झाडं, आभाळ, बांध सगळं डोळ्यांसमोरून गरकन फिरलं, आणि गाडी थांबली तेव्हा दोघं ज्या बाजूने आले होते तिकडेच तोंड करून बसले होते.

मग लताबाईंना हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. सावळीराम आधी घाबरून त्यांच्याकडे बघत राहिले, आणि मग तेही हसायला लागले. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण एवढ्या मोठ्याने दोघं मिळून कधी हसले नव्हते.

त्यानंतर लताबाईंना उपाय सुचला तो अगदी साधा होता. लायनर बदलायचेच नाहीत. चारी कडक. फक्त शर्यतीआधीच्या सावकाश फेरीत सावळीरामांनी ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी चालवायची, चाकं चांगली तापवून मगच रांगेत उभं राहायचं. "अंघोळीचं पाणी तापल्याशिवाय तुम्ही तांब्या उचलत नाही ना? तसंच," त्या म्हणाल्या. त्या वर्षी सावळीराम दुसरे आले. कप हातात घेताना ते इतके लाजले की भाषण करा म्हटल्यावर नुसतं "मंडळी" एवढंच म्हणाले आणि खाली उतरले.

हळूहळू धावपट्टीवरची माणसं लताबाईंकडे यायला लागली. बागायतदार यायचे, वकील यायचे. "गांगुर्डेबाई, मी कुठले लावू?" त्या लगेच उत्तर द्यायच्या नाहीत. आधी विचारायच्या, "तुम्ही ब्रेक लवकर दाबता का उशिरा? दाबून धरता का सोडून सोडून?" वकीलसाहेब सदा भित्रे, वेग असा कधी घ्यायचेच नाहीत, वळण दिसलं की हलकेच पाय ब्रेकवर. त्यांना त्यांनी मऊ लायनर सांगितले. "तुमचे ब्रेक तापायचेच नाहीत, साहेब. तुम्हाला कडक लावले तर तुम्ही शेवटपर्यंत थंडच राहाल." वकिलांनी राग मानला नाही. त्या वर्षी ते पहिल्यांदा एकही पिंप न पाडता परतले आणि सगळ्यांना पेढे वाटले.

१९८४ नंतर शर्यती थांबल्या. धावपट्टीला कुंपण पडलं, माणसं पांगली, कुणी नवी मारुती घेतली. फियाट मात्र दारात राहिली. सावळीरामांची कंबर धरू लागली, तशी डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. त्या रविवारी ते ओट्यावर बसून दारातल्या फियाटकडे बघत राहिले. लताबाईंनी किल्ली घेतली, स्वयंपाकघरातला स्टो बंद केला आणि म्हणाल्या, "चला, मला शिकवा."

पहिल्या दिवशी गाडी कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंतच गेली. महिन्याभराने त्याच कोपऱ्यावर साळूबाईंची शेळी आडवी आली, तेव्हा सावळीरामांनी शेजारी बसल्या बसल्या उजवा पाय जमिनीवर इतक्या जोरात दाबला, की त्यांच्या तोंडून कळवळल्याचा आवाज निघाला.

"तिथे काही नाही," लताबाई समोरून नजर न काढता म्हणाल्या. "पाय वर घ्या. ब्रेक माझ्याकडे आहेत."

सावळीरामांनी पाय वर घेतला. शेळी निवांत रस्ता ओलांडून गेली, आणि लताबाईंनी गाडी पहिल्या गिअरात टाकून इगतपुरीच्या रस्त्याला लावली.